घरांतील बिनतारी जाळें व अँटेनाचें मर्म

बिनतारी हा शब्द आपल्या घरांस नवा नाहीं. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र सुरू झालें, तेव्हां हौशी कुटुंबांनीं गच्चीवर दोन बांबू रोवले, त्यांच्यामध्यें तांब्याची तार ताणली आणि तिला एरियल हें नांव दिलें. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईंत दूरदर्शन आलें. पाठोपाठ सिंहगडावरील क्षेपकानें तें पुण्यांत पोंचविलें, आणि माशाच्या सांगाड्यासारखे दिसणारे अ‍ॅल्युमिनियमचे अँटेना शहरांतील छपरांवर उभे राहिले. त्या काळीं अँटेनाचें महत्त्व घरांतील लहान मुलासही कळत असे; कारण वाऱ्यानें तो फिरला कीं चित्रांत मुंग्या येत, आणि कोणाला तरी वर चढून तो पुन्हां सिंहगडाकडे वळवावा लागे.

आज घरोघर इंटरनेट आलें आहे. भिंतीवर राउटर नांवाची पेटी असते आणि तिला दोन-चार दांड्या असतात. त्या दांड्या म्हणजेच आजचें एरियल होय. कांहीं पेट्यांत तें आंतच दडविलेलें असतें. तें आयतें मिळतें म्हणून त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाहीं. मग पडवींत जाळें मिळतें, माजघरांत मिळत नाहीं, माडीवर अर्धेंमुर्धें मिळतें, अशी कुरकुर सुरू होते, आणि दुकानदार सांगेल तें महागडें यंत्र घरांत येतें. पैसे खर्चण्यापूर्वीं अँटेना काय करतो आणि काय करूं शकत नाहीं, एवढें समजून घ्यावें, हा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

उदाहरणासाठीं मी सातारा जिल्ह्यांतील माण तालुका घेतों. हा पर्जन्यछायेंतील प्रदेश. भोंवतीं शंभुमहादेवाच्या डोंगररांगा. जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या व हात-दीड हात जाड, वर मातीचें माळवद किंवा पत्रा. गांवाबाहेर शेतांतून विखुरलेल्या वस्त्या. पाऊस बेताचा म्हणून पिढ्यानुपिढ्या माणसें बाहेर पडलेलीं. कोणी मुंबईस, कोणी पुण्यास, तर माण-खटाव-आटपाडीकडील कित्येक कुटुंबें सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पसरलेलीं. मागें राहतात तीं वडील माणसें व शाळकरी मुलें. तेव्हां येथें घरांतील बिनतारी जाळें ही केवळ करमणुकीची सोय नव्हे. २०२० च्या मार्च महिन्यांत शाळा बंद झाल्या आणि धडे फोनवरून येऊं लागले, त्या वेळीं ज्या घरांत लहर फक्त ओट्यापर्यंत पोंचे, त्या घरांतील मुलाला उन्हांत ओट्यावर बसूनच शिकावें लागे. आजही परीक्षेचा अर्ज, बँकेचा व्यवहार, आजारी आजीचें डॉक्टरांशीं बोलणें हें सारें त्या दोन दांड्यांवर अवलंबून आहे.

आतां या दांड्यांचें कार्य पाहूं. घरगुती बिनतारी जाळें, ज्याला आपण वाय-फाय म्हणतों, मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतें: एक २.४ गिगाहर्ट्झचा व दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिल्या पट्ट्यांत विद्युल्लहरी सेकंदास सुमारें २४० कोटी वेळां कंप पावतात. लहरींचा वेग सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर. त्याला कंपनसंख्येनें भागलें असतां एका लहरीची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे पांच इंच येते. दुसऱ्या पट्ट्यांतील लहर हिच्या निम्म्याहूनही थोडी आंखूड असते. अँटेनाची लांबी लहरीच्या लांबीशीं बांधलेली असते. लहरीच्या निम्म्या किंवा पाव लांबीची दांडी उत्तम काम देते. मुंबई केंद्राच्या लहरी शेंकडों मीटर लांबीच्या होत्या, म्हणून तेथें गच्चीभर तार लागली. येथें लहर पांच इंचांची, म्हणून बोटभर दांडी पुरते.

एक गोष्ट आरंभींच पक्की ध्यानांत धरावी. अँटेना नवी शक्ति निर्माण करीत नाहीं. राउटरमधील यंत्र जेवढी शक्ति त्याच्या हातीं देतें, तेवढीच तो वाटतो. शेतांत दारें धरणारा माणूस आपण पाहिला असेल. मोटेचें पाणी म्हणा वा पंपाचें म्हणा, तें ठरलेलेंच असतें. सगळ्या वाफ्यांची तोंडें उघडीं टाकलीं तर प्रत्येकास थोडें थोडें मिळतें. बाकीचीं बंद करून एकच उघडें ठेवलें, तर तो वाफा तुडुंब भरतो आणि इतर कोरडे राहतात. अँटेना हा दारें धरणारा आहे. बाजारांत ज्याला जास्त ‘गेन’चा अँटेना म्हणतात, तो पाणी वाढवीत नाहीं; तो तें एका वाफ्यांत वळवितो.

साधी उभी दांडी तें कसें वाटते? बायका डोक्यावर घागर घेण्यापूर्वीं खालीं जी चुंबळ ठेवतात, ती डोळ्यांपुढें आणा. दांडी त्या चुंबळीच्या भोंकांतून उभी आहे असें समजा. दांडीची शक्ति भोंवतीं चुंबळीच्याच आकारानें पसरते. म्हणजे आडव्या दिशांना भरपूर, पण दांडीच्या शेंड्याच्या रोंखानें जवळजवळ कांहींच नाहीं. यावरून दोन गोष्टी उघड होतात. दांडीचें टोंक खोलीच्या दिशेनें बंदुकीसारखें रोखलें म्हणजे लहर तिकडे जाईल, असें पुष्कळांस वाटतें; खरा प्रकार नेमका उलटा आहे. दुसरें असें कीं राउटर खालच्या मजल्यावर असून सर्व दांड्या उभ्या असतील, तर बरोबर डोक्यावर असलेल्या माडीच्या खोलीस सर्वांत कमी वांटा मिळतो. अशा घरांत एक दांडी उभी ठेवून दुसरी आडवी करावी. या उपायास एक पैसाही पडत नाहीं.

अँटेनाच्या खोक्यावर ‘२ डीबीआय’, ‘५ डीबीआय’, ‘८ डीबीआय’ असे आंकडे छापलेले असतात. ही डेसिबेलची मोजणी होय. तीन डेसिबेल वाढले म्हणजे शक्ति दुप्पट, सहा वाढले म्हणजे चौपट, दहा वाढले म्हणजे दसपट. सर्व दिशांना सारखा प्रकाश देणारा एक काल्पनिक दिवा प्रमाण धरून, त्याच्या तुलनेनें सर्वांत अनुकूल दिशेस किती अधिक जोर मिळतो, तें हा आंकडा सांगतो. साधी दांडी सुमारें दोनाची असते. तिच्या जागीं आठाची लांब दांडी लावली, तर आडव्या दिशेस जोर चौपट होतो. पण चुंबळ चापट होऊन तिची भाकरी बनते, आणि वरच्या-खालच्या मजल्यांचा वांटा तेवढाच घटतो. एकमजली, लांबच लांब पसरलेल्या घरास अशी दांडी उपकारक. दुमजली वाड्यास ती अपकारक ठरण्याचा संभव अधिक.

जोर चौपट झाला तर पल्ला चौपट वाढतो काय? नाहीं. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं लहरीचा जोर एक चतुर्थांश उरतो. म्हणून चौपट जोरानें मोकळ्या मैदानांत पल्ला फक्त दुप्पट होतो. घरांत तेवढाही होत नाहीं. कारण तेथें अंतरापेक्षां भिंतीच अधिक शक्ति गिळतात. आपण पैसे देऊन विकत घेतलेले सहा डेसिबेल माणदेशांतील एकच जाड दगडी भिंत सहज खाऊन टाकते. विटांची पातळ भिंत त्या मानानें सौम्य. पत्रा, लोखंडी कपाट, आरसा यांवरून लहर परत फिरते, आणि पाण्यानें भरलेली टाकी ती शोषून घेते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान मजकूर नेतात खऱ्या, परंतु भिंतींपुढें त्या लौकर हार खातात. दूरच्या खोलीसाठीं २.४ चा पट्टाच निवडावा.

येथें कोणी विचारील कीं खिडकीला तर नुसती लोखंडी जाळी आहे, भोंकांतून लहर जाणार नाहीं काय? याचें उत्तर पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें मिळतें. तेथें प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेली महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आकाशांतील अतिक्षीण रेडिओलहरी गोळा करतात. आणि या थाळ्या सबंध पत्र्याच्या नसून बारीक तारांच्या जाळीच्या आहेत. जाळीचीं भोंकें लहरीच्या लांबीपेक्षां पुष्कळ लहान असलीं, तर लहरीच्या दृष्टीनें ती जाळी म्हणजे अखंड पत्राच होय. यामुळें थाळी हलकी राहते, वारा तिच्यांतून निघून जातो आणि खर्चही वांचतो. हाच नियम आपल्या घरीं मात्र आडवा येतो. पांच इंचांच्या लहरीला डांस अडविणारी धातूची बारीक जाळी ही भिंतच आहे. गिलाव्याखालीं घातलेली कोंबडीजाळीही थोड्याफार प्रमाणांत तसेंच करते.

मग उपाय कोणते? पहिला उपाय जागेचा. राउटर बहुधा तार जेथून घरांत शिरते तेथेंच, म्हणजे दाराशेजारीं किंवा कपाटामागें बसविला जातो. तो घराच्या मध्याशीं, डोक्याच्या उंचीवर, लोखंडापासून व पाण्यापासून दूर आणावा. मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. तिच्या शेजारीं तो ठेवूं नये. शहरांतील सदनिकांत आणखी एक अडचण असते ती शेजाऱ्यांच्या राउटरांची. २.४ च्या पट्ट्यांत एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच: पहिली, सहावी व अकरावी. शेजारीं ज्या वाहिनीवर गर्दी असेल ती सोडून या तिघींतील दुसरी निवडावी. गोंगाटांत ओरडून बोलण्यापेक्षां शांत कोपरा शोधणें शहाणपणाचें.

दुसरा उपाय परावर्तकाचा. राउटर घराच्या एका टोंकास ठेवणें भागच असेल, तर त्याची निम्मी शक्ति रस्त्यावर व्यर्थ जाते. जाड पुठ्ठ्यावर अ‍ॅल्युमिनियमचा कागद गुळगुळीत चिकटवून तो उभ्या दांडीच्या मागें, दांडीपासून सुमारें तीन सेंटिमीटरांवर उभा करावा. तीनच कां? तीन सेंटिमीटर म्हणजे लहरीचा सुमारें पाव हिस्सा. मागें गेलेली लहर जाऊन-येऊन अर्ध्या लहरीएवढी वाट चालते. धातूवर आपटतांना ती उलटते, म्हणजे आणखी अर्ध्या लहरीचा फरक पडतो. एकूण एक पूर्ण लहर भरते, आणि परत आलेली लहर पुढें निघालेल्या लहरीच्या पावलांत पाऊल टाकून चालूं लागते. समोरचा जोर अशानें दुपटी-तिपटीपर्यंत वाढूं शकतो. अर्थात् पुठ्ठ्याच्या मागील बाजूस अंधार पडणार. दारें धरण्याचा नियम येथेंही सुटत नाहीं. पेटीचीं हवेचीं भोंकें मात्र झांकूं नयेत.

लहरींस दिशा देण्याची ही कल्पना जुनी आहे. कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं बिनतारी लहरींनीं दूरवर ठेवलेली घंटा वाजवून दाखविली. कांहीं मिलिमीटर लांबीच्या लहरींवरील त्यांच्या प्रयोगांत शिंगासारखीं पसरट तोंडाचीं धातूचीं नळकांडीं वापरलेलीं होतीं. १९२६ सालीं जपानांतील सेंडाई येथें शिंतारो उदा व हिदेत्सुगु यागी यांनीं एका दांडीच्या मागें एक व पुढें अनेक दांड्या ठेवून शक्ति एका दिशेस एकवटण्याची रचना प्रसिद्ध केली. आपल्या गच्चीवरील तो माशाचा सांगाडा म्हणजे यागी-उदा अँटेनाच होय.

दिशा देणाऱ्या अँटेनाचा खरा उपयोग माणसारख्या मुलखांत होतो. समजा, गांवांतील घरीं फायबर आली आहे आणि वस्ती एक किलोमीटर दूर शेतांत आहे. दोन्ही ठिकाणीं दिशादर्शी अँटेना समोरासमोर बसविले, तर जाळें वस्तीपर्यंत नेतां येतें. परंतु नुसतें एकमेकांचें छप्पर दिसणें पुरेसें नाहीं. लहर सुतासारखी जात नाहीं. ती मध्यें फुगलेल्या माकूसारखी जागा व्यापते. एक किलोमीटर अंतरास २.४ च्या पट्ट्यांत मध्यभागीं, दृष्टिरेषेच्या भोंवतीं निदान साडेतीन मीटर जागा मोकळी लागते. मध्यें बाभूळ वा कडुनिंब असेल, तर उन्हाळ्यांत चाललेला दुवा पावसाळ्यांत लंगडूं लागतो. कारण ओली पानें म्हणजे पाण्याचाच पडदा. वळवाच्या दिवसांत कडाडणाऱ्या विजा लक्षांत घेऊन छपरावरील खांबास भूमिजोडणी अवश्य द्यावी. तमिळनाडूंत थेनी येथील अरविंद नेत्र रुग्णालयानें २००६ च्या सुमारास अशाच दिशादर्शी वाय-फाय दुव्यांनीं आपलीं खेड्यांतील नेत्रकेंद्रें जोडलीं, आणि खेड्यांतील रुग्णाची तपासणी शहरांतील डॉक्टर चित्रपडद्यावरून करूं लागले. योग्य दिशेस वळविलेली किंचित् शक्ति काय करूं शकते, याचें हें उत्तम प्रमाण होय.

कित्येक लोक अँटेनाऐवजीं शक्तिवर्धक यंत्र घेतात. त्यांतील दोष समजून घेण्याजोगा आहे. बिनतारी जाळें म्हणजे भाषण नव्हे, संभाषण आहे. राउटर बोलतो तसा हातांतील फोनही उलट बोलतो, आणि फोनचा आवाज बारीक असतो. राउटरचा आवाज मोठा केला म्हणून त्याच्या कानांस फोनचें बोलणें अधिक ऐकूं येत नाहीं. पडद्यावर जाळ्याच्या सगळ्या रेघा दिसतात, पण पान उघडत नाहीं, या चमत्काराचें एक कारण हेंच. चांगला अँटेना मात्र ज्या दिशेस जोरानें बोलतो त्याच दिशेचें तितकेंच चांगलें ऐकतो. एका खर्चांत तोंड व कान दोन्ही सुधारतात.

तारेविषयींही सावध असावें. अँटेना छपरावर व राउटर खालीं ठेवून मध्यें बारीक कोअ‍ॅक्सियल तार सोडणें हा आंतबट्ट्याचा व्यवहार आहे. २.४ गिगाहर्ट्झला अशा तारेंत दर मीटरास सुमारें एक डेसिबेल नष्ट होतो; तीन मीटरांत शक्ति निम्मी, दहा मीटरांत दहावा हिस्सा. त्याऐवजीं यंत्रच अँटेनाजवळ न्यावें आणि खालून वर जाळ्याची साधी तांब्याची तार न्यावी. तीवरून मजकूर शंभर मीटरपर्यंत विनातक्रार जातो. जाड भिंतींच्या वाड्यासही हाच मार्ग उत्तम. भिंतीस छिद्र पाडून तार पलीकडे न्यावी आणि माजघरांत दुसरी लहानशी पेटी बसवावी. दगडाशीं झगडण्यापेक्षां त्याला वळसा घालणें केव्हांही स्वस्त पडतें.

कायद्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. एके काळीं नुसता रेडिओ ऐकण्यासही वार्षिक परवाना लागे. २००५ सालीं भारत सरकारनें २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील अल्पशक्ति उपकरणांस परवान्यांतून मुक्त केलें. २०१८ सालीं ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याबाबतही विस्तृत सूट दिली. परंतु २.४ च्या पट्ट्यांत अँटेनाच्या वाढीसह परिणामी शक्ति ४ वॅटपलीकडे जातां कामा नये. राउटर स्वतः एक दशांश वॅट देत असेल, तर अँटेनानें तिला एका दिशेस चाळीसपट केलें कीं ही सीमा गांठली जाते. सामान्य गृहस्थास यापुढें जाण्याचें कारण नाहीं, आणि गेल्यास त्याचा उपद्रव शेजाऱ्यास होतो.

थोड्या शक्तींतून मोठें काम कसें होतें, याचा दाखला खुद्द माण तालुक्यांत आहे. म्हसवड येथें २००८ सालीं ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हें सामुदायिक रेडिओ केंद्र ९०.४ मेगाहर्ट्झवर सुरू झालें. २००६ च्या शासकीय धोरणानें अशा केंद्रांस परिणामी शक्ति १०० वॅटपर्यंत व अँटेनाची उंची ३० मीटरपर्यंत ठरवून दिली. १०० वॅट म्हणजे जुन्या काळच्या एका मोठ्या दिव्याची शक्ति. तेवढ्यावर माणदेशी बायाबापड्यांचा आवाज आसपासच्या गांवांत पोंचतो. कारण अँटेना उंच आहे, मोकळा आहे, आणि त्या केंद्राची सव्वातीन मीटर लांबीची लहर झाडाझुडपांस व घरांच्या कोपऱ्यांस थोडाबहुत वळसा घालूं शकते. आपल्या घरांतील पांच इंचांच्या लहरीस ही सवलत नाहीं. म्हणूनच तिच्यासाठीं जागा, उंची व दिशा यांचा विचार अधिक काटेकोरपणें करावा लागतो.

तेव्हां क्रम असा ठेवावा. प्रथम राउटरची जागा बदलावी; मग दांड्यांची दिशा; मग वाहिनी; मग पुठ्ठ्याचा परावर्तक. येथवरचा खर्च चार-दोन रुपयांचा. त्यानेंही न भागलें तर तार ओढावी, आणि मोकळ्या रानांत दूर जावयाचें असेल तरच मोठा अँटेना विकत घ्यावा. प्रत्येक बदलानंतर फोन त्याच खोलींत, त्याच जागीं ठेवून पुन्हां वेग मोजावा आणि वहींत टिपून ठेवावा. एका वेळीं दोन बदल करूं नयेत, नाहींतर गुण कोणाचा तें कळत नाहीं. आणि हा प्रयोग घरांतील मुलामुलींच्या हातून करवावा. लहरी डोळ्यांस दिसत नाहींत, पण वहींतील आंकडे दिसतात. पुठ्ठा तीन सेंटिमीटरांवरून सहावर नेला कीं आंकडा कसा कोसळतो, हें ज्या मुलीनें स्वतः पाहिलें, तिला लहर म्हणजे काय हें दुसऱ्या कोणी सांगण्याची फारशी गरज उरणार नाहीं.